पंखा पाणी कुठं सोडतो?

तेलंगणातल्या इंद्रवेल्लीच्या वाचकापुढे बोटीच्या पंख्याचं प्रकरण ठेवणं जरा आगाऊपणाचंच. तिथं हाकेच्या अंतरावर मोठं पाणी नाही. पुष्य अमावास्येला केसलापुरात नागोबाची जत्रा भरते. त्याआधी मेसराम घराण्याची माणसं गोदावरीचं पाणी आणायला अनवाणी निघतात, ती पार जन्नारमच्या बाजूला जाऊन नदी गाठतात आणि पाणी घेऊन तशीच चालत परततात. मोटारबोटीचा संबंध यायचं कारण नाही. पण पंख्याच्या ज्या दुखण्याबद्दल इथं सांगायचं आहे, ते इंद्रवेल्लीच्या कापसाच्या रानात दर पावसाळ्यात दिसतं. तिथं ते ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला होतं, एवढंच.

पहिले दोन-तीन पाऊस झाले, काळी जमीन वरून सुकल्यासारखी वाटली, की घाई झालेला एखादा जण ट्रॅक्टरला कल्टिव्हेटर लावतो आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. ‘टायर स्लिप मारतोय’ हे बांधावरचं पोरसुद्धा सांगेल. किती मारतोय हे सांगायला मात्र खडू लागतो. मागच्या टायरवर खडूची रेघ ओढायची, अवजार उचलून कडक जमिनीवर चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवायचा आणि अंतर मोजायचं. समजा ४० मीटर भरलं. मग अवजार मातीत घालून पुन्हा दहा फेरे. आता ३५ मीटर भरलं तर पाच मीटर हरवले, म्हणजे साडेबारा टक्के स्लिप. गंमत अशी की हा बिघाड नाहीच. ओढकाम करणाऱ्या ट्रॅक्टरला साधारण दहा ते पंधरा टक्के स्लिप योग्य समजतात. ती शून्यावर आणायची म्हटलं तर चाकांवर इतकं वजन लादावं लागेल की ते वाहून नेण्यातच डिझेल संपेल.

पंख्याचंही असंच आहे. जमिनीच्या जागी पाणी आल्यामुळे आकडे मोठे होतात आणि खडूची रेघ ओढायची जागा पाण्याखाली जाते, म्हणून निदान अवघड होतं.

आता कोकण किनाऱ्यावर येऊ. ससून डॉक, भाऊचा धक्का, हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरात इंजिनाच्या मिस्त्रीकडे येणारी तक्रार ठरलेली असते : इंजिन घुमतंय, पण बोट सरत नाही. पंखा पाणी धरत नाही. तक्रार एक, तिच्यामागची दुखणी मात्र निदान सात-आठ. त्यातली काही पन्नास रुपयांत सुटतात, काहींना गिअरबॉक्स उघडावा लागतो. कुठलं दुखणं आहे ते न ओळखता थेट नवा पंखा आणणारे नाखवे कमी नाहीत. पंखा विकणाऱ्याला त्याचं वाईट वाटत नाही.

पहिलं काम हिशेबाचं. पंख्याच्या बुंध्यावर दोन आकडे ठोकलेले असतात, उदाहरणार्थ २८ × २४. पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. पिच म्हणजे पंखा लोण्यासारख्या घट्ट पदार्थातून स्क्रूसारखा फिरला असता तर एका फेऱ्यात जेवढा पुढं सरकला असता ते अंतर. इथं ते २४ इंच, म्हणजे सुमारे ६१ सेंटिमीटर. इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेतंय आणि गिअरबॉक्स तीनास एकचा आहे असं धरू. मग शाफ्ट मिनिटाला ६०० फेरे घेईल आणि पंखा तासाला जवळपास २२ किलोमीटर कापेल, म्हणजे ११.८ नॉट. ही कागदावरची चाल. प्रत्यक्षात बोट आठ नॉटनं चालली असेल तर ३.८ नॉट हरवले. स्लिप ३२ टक्के.

ट्रॅक्टरच्या मानानं हे भयंकर वाटेल. पण पाण्यात खोल बसून चालणाऱ्या जड मच्छीमार बोटीला तीस-चाळीस टक्के स्लिप असणं अगदी साधं आहे. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या स्पीडबोटीला दहा ते वीस टक्के पुरतात. आणि ट्रॉलरनं जाळं टाकलं, तो तीन नॉटनं ओढत निघाला, इंजिन १५०० वर आहे, तर त्याच पंख्याची स्लिप ७० टक्क्यांच्या आसपास जाईल. काहीही मोडलेलं नसताना. धक्क्याला दोरानं बांधून ठेवलेल्या बोटीनं इंजिन चढवलं तर स्लिप शंभर टक्के, आणि दोर मात्र ताणून तुटायला आलेला. स्लिप शंभर टक्के असताना पंख्याचा रेटा सगळ्यात जास्त असू शकतो, ही गोष्ट एकदा नीट पचली की पुढचं सगळं सोपं जातं.

असं का होतं? पाणी हातात धरून ठेवायची वस्तू नाही. पंखा बोटीला पुढं लोटतो तो पाण्याला मागं लोटून. मागं लोटलेलं पाणी वेगानं मागं जातं, आणि तो मागं जाण्याचा वेग हीच स्लिप. पंखा पाण्यातून जराही न घसरता सरकला तर त्यानं पाण्याला मागं ढकललेलंच नाही, म्हणजे रेटाही नाही. डब्ल्यू. जे. एम. रँकिन या स्कॉटिश अभियंत्यानं १८६५ साली हे गणितात मांडलं. त्यातून निघणारा व्यवहारी धडा असा की थोडं पाणी जोरात मागं फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू मागं ढकलणं स्वस्त पडतं. म्हणून जड बोटीला मोठा, सावकाश फिरणारा पंखा आणि इंजिनाचे फेरे कमी करणारा गिअरबॉक्स लागतो. ट्रकचं इंजिन थेट शाफ्टला जोडून चालत नाही ते यासाठी.

रँकिनच्या आधीची मंडळी चाचपडत होती. मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८२९ साली बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट दुसऱ्या वर्षी सुएझपर्यंत गेली, ती बाजूच्या वल्हेचाकांवर. स्क्रूसारखा पंखा तेव्हा प्रयोगात होता. ट्रिएस्टच्या बंदरात योसेफ रेसेलनं १८२९ सालीच तो चालवून पाहिला होता. इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ या शेतकऱ्यानं १८३६ साली पेटंट घेतलं. त्याचा पंखा लाकडी होता आणि त्याला खाटकाच्या खिमायंत्रातल्या स्क्रूसारखे पुरे दोन वेढे होते. जितके वेढे जास्त तितकी पाण्यावर पकड घट्ट, असा त्याचा तर्क, आणि तो कुणालाही पटण्यासारखा होता. १८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यावर चाचणी चालू असताना पंख्याचा अर्धा भाग मोडून पडला. बोट थांबायला हवी होती. ती वेगानं पळायला लागली. लांबलचक स्क्रू पाणी जास्त घट्ट धरत नव्हता, नुसता घासत होता. पुढचे पंखे आखूड आणि रुंद पात्यांचे होत गेले. १८४५ साली ब्रिटिश नौदलानं पंख्याची ‘रॅटलर’ आणि वल्हेचाकांची ‘अलेक्टो’ या दोन बोटी शेपटीला शेपूट बांधून एकमेकींविरुद्ध ओढायला लावल्या. ‘रॅटलर’नं ‘अलेक्टो’ला अडीच नॉटांहून अधिक वेगानं उलटं ओढत नेलं, आणि वाद मिटला.

त्या काळात आणखी एक कोडं निघालं. काही जहाजांच्या चाचण्यांत स्लिप शून्याखाली येऊ लागली. म्हणजे कागदावर पंखा जितका सरकायला हवा त्याहून जहाज जास्त पळत होतं. काहींनी मोजमापाला दोष दिला. खरं कारण जहाजाच्या मागं होतं. पाण्यातून जाणारं जहाज आपल्या अंगाशी असलेलं पाणी थोडं ओढून बरोबर नेतं, आणि पंखा फिरतो तो या ओढल्या जाणाऱ्या पाण्यात. आपल्या उदाहरणातल्या आठ नॉटच्या बोटीच्या पंख्यापाशी पाणी कदाचित सहा नॉटनंच येत असेल. मग पंख्याची खरी स्लिप ३२ नसून ४९ टक्के. शिवाय पात्याला थोडा फुगीर आकार असतो, त्यामुळे ठोकलेल्या पिचपेक्षा त्याचा प्रत्यक्ष पिच जरा जास्त निघतो. म्हणून आपण धक्क्यावर बसून काढलेला आकडा हा वैज्ञानिकाच्या दृष्टीनं ‘वरवरची’ स्लिप. तरी बंदरात कामाला येतो तो हाच. दुसऱ्या बोटीशी त्याची तुलना करू नये, स्वतःच्याच बोटीच्या जुन्या आकड्याशी करावी.

इथं माझं मत स्पष्ट सांगतो. निदानाची सगळी भिस्त या जुन्या आकड्यावर आहे, आणि बहुतेक बोटींवर तोच नसतो. नाखव्याला अंदाज असतो, आणि तो अंदाज पुष्कळदा आश्चर्य वाटावं इतका बरोबर असतो. पण ‘पूर्वी बरी चालायची’ यावरून मिस्त्रीला काही ठरवता येत नाही. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते. त्याच्या आधी तळ घासून रंगवलेला असतो, पंखा घासून चकचकीत केलेला असतो. पहिल्याच फेरीत इंजिनाचे दोन-तीन ठरावीक फेरे धरून वेग टिपून ठेवला तर वर्षभर तुलनेला आधार मिळतो. जीपीएस आता लहान बोटींवरही असतो. फक्त तो जमिनीच्या हिशेबानं वेग दाखवतो, पाण्याच्या नाही. दाभोळच्या खाडीतून ओहोटीबरोबर बाहेर पडताना दहा नॉट दिसले म्हणून हुरळू नये. त्याच इंजिनावर उलट दिशेनं येऊन पाहावं आणि दोन्हींची सरासरी घ्यावी. उधाणाच्या दिवशी तर हे हवंच. भांगाच्या तिथीला पाणी कमी पळतं, चाचणीला तो दिवस बरा.

आता समजा आकडा हातात आहे आणि तो बिघडला. फेरे तेवढेच, वेग दीड नॉटनं कमी. पुढचा प्रश्न : फेरा हरवतो कुठं? इंजिनापासून पाण्यापर्यंत तीन सांधे आहेत. इंजिन आणि शाफ्ट यांच्यामध्ये गिअरबॉक्सचा क्लच. शाफ्ट आणि पंखा यांच्यामध्ये टेपर, चावी आणि नट, किंवा आऊटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं बाहेरून लावलेली मोटार, असेल तर रबरी बुश. शेवटी पंखा आणि पाणी. पहिल्या दोन सांध्यांत स्लिप अजिबात नको. तिसऱ्यात ती असतेच, ती किती एवढंच पाहायचं.

पहिला सांधा तपासायला पाण्यात उतरावं लागत नाही. शाफ्टवर चकचकीत पट्टीचा तुकडा चिकटवायचा आणि हातात धरायच्या टॅकोमीटरनं लांबूनच शाफ्टचे फेरे मोजायचे. फिरत्या शाफ्टजवळ लुंगी, टॉवेल, लोंबती बाही काही नको. इंजिन १८०० वर असताना तीनास एकच्या गिअरवर शाफ्ट ६०० दाखवायलाच हवा. ५२० दाखवला तर पंख्याकडे बघायचं कारणच उरलं नाही, फेरे क्लचमध्ये जळतायत. बहुतेक वेळा कमी फेऱ्यांवर सगळं जुळतं, आणि इंजिन चढवलं, भार आला, की शाफ्ट मागं पडतो. म्हणून चाचणी भाराखाली घ्यावी. क्लच घसरायला लागला की गिअरबॉक्स तापतो, तेल काळं पडतं आणि त्याला जळका वास येतो. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय, आणि कुलर फुटला असण्याची शक्यता मोठी. मात्र गिअरबॉक्स खोलण्याआधी तेलाची पातळी बघावी आणि लिव्हरची केबल काढून गिअर हातानं पूर्ण टाकून पाहावा. केबल ताणली गेल्यामुळे लिव्हर वर पूर्ण पुढं गेल्यासारखा दिसतो आणि खाली गिअर अर्धाच पडलेला असतो. पन्नास रुपयांत सुटणारं दुखणं मी म्हटलं ते हे.

शाफ्टचे फेरे बरोबर आले आणि बोट तरीही सरत नसेल, तर दुसरा सांधा. मोठ्या बोटीच्या शाफ्टचं टोक निमुळतं असतं, पंख्याचं भोकही त्याच उताराचं. मध्ये चावी, मागून नट. सगळ्यांना वाटतं की जोर चावी वाहते. वास्तविक जोर वाहतो तो दोन उतारांमधला घट्ट घासा. चावी फक्त राखीव. नवा पंखा बसवताना उतारावर निळा रंग चोळून तो सगळीकडे सारखा लागतो का हे मिस्त्रीनं पाहिलं नाही, तर पंखा दोन-चार ठिकाणीच टेकतो. मग जोर चावीवर येतो, चावी थोडी थोडी चेपते आणि एक दिवस कातरली जाते. ओहोटीला बोट कोरडी पडली की इंजिन बंद करून, स्टार्टरची किल्ली खिशात टाकून, शाफ्ट एकानं पाइपपान्यानं धरावा आणि दुसऱ्यानं पातं दोन्ही हातांनी हलवावं. पातं ‘टक’ करून हललं आणि शाफ्ट जागचा हलला नाही, तर निदान झालं. नट सैल असेल तर धोका वेगळाच. पुढं जाताना पंखा स्वतःच्या रेट्यानं उतारावर चढून बसलेला राहतो. रिव्हर्स मारला की तोच रेटा त्याला शाफ्टवरून बाहेर ओढतो. धक्क्याला लागताना रिव्हर्स मारला आणि इंजिन एकदम मोकळं घुमलं, तर पंखा कधीकधी तळाच्या गाळात सापडतो.

आऊटबोर्डमध्ये हा सांधा मुद्दामच कच्चा ठेवलेला असतो. पंख्याच्या पोटात एक पितळी नळी आणि तिच्याभोवती दाबून बसवलेलं रबर. पंखा खडकावर आपटला की रबर घसरावं आणि आतले दाते वाचावेत, ही योजना. जुन्या छोट्या मोटारींत रबराऐवजी एक पातळ पिन असायची, ती तुटली की नवी घालायची. मालवण-तारकर्लीच्या बाजूला पर्यटकांच्या बोटी खडकांमधून फिरतात. कोयनेच्या शिवसागरात उन्हाळ्यात पातळी उतरली की पाण्याखालच्या गोष्टी पंख्याच्या वाटेत येतात. असे धक्के खाऊन आणि वयानं रबराची पकड सुटते. त्याची खूण ठरलेली : हळू चालवलं तर बोट नीट जाते. ॲक्सिलरेटर वाढवला की एका टप्प्यानंतर इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट मंदावते. पुन्हा कमी केलं की पुन्हा पकडते. रबर तापलं की लवकर घसरतं, म्हणून सकाळी चालणारी बोट दुपारी रुसते.

या ठिकाणी खडूची रेघ परत कामाला येते, फक्त खडूऐवजी ऑइलपेंट. पंखा मागून बघितला की आतली नळी आणि बाहेरचा बुंधा दोन्ही दिसतात. दोन्हींवरून जाणारी एक सरळ पांढरी रेघ ओढायची, रंग वाळू द्यायचा आणि बोट जोरात पळवून आणायची. परत आल्यावर रेघ सरळ असेल तर रबर निर्दोष. आतला तुकडा एकीकडे आणि बाहेरचा दुसरीकडे गेला असेल तर रबर सुटलं. इतकी स्वस्त आणि वाद मिटवणारी चाचणी मला यंत्रांच्या दुनियेत क्वचितच आढळली आहे. रबर सुटलेल्या पंख्यावर घरी परतता येतं, पण सावकाश. नवं रबर हायड्रॉलिक प्रेसवर बसवावं लागतं. हातोड्यानं ठोकून बसवलेलं टिकत नाही.

दोन्ही सांधे पास झाले तर उरलं पाणी, आणि इथं लक्षणं नीट ऐकावी लागतात. मुख्य फरक फेऱ्यांचा. पंखा हवा ओढत असेल तर फेरे एकदम चढतात. पंख्यावर किंवा तळावर काही चढलं असेल तर इंजिन उलट दबतं, पुरते फेरे घेत नाही आणि काळा धूर सोडतं. दोन्हींत बोट हळू चालते, म्हणून दोन्हींना ‘स्लिप’ म्हणून मोकळं होतात, आणि इथंच उपचार चुकतो.

हवेचं दुखणं बहुधा हलक्या बोटीचं. मासळी उतरवली, बर्फ संपला, डिझेल संपत आलं, बोटीची शेपूट वर आली. पंखा पृष्ठभागाजवळ आला की लाटेच्या खोलगट भागात किंवा जोरात वळताना तो वरून हवा खाली खेचतो. पात्याभोवती पाण्याऐवजी फेस, धरायला काही नाही. वेग कमी केला, वळण सरळ केलं की पकड परत येते. आऊटबोर्ड फार उंच लावला असेल तर हे रोजचंच होतं, मोटार थोडी खाली घेतली की थांबतं. पंख्याच्या वरच्या बाजूला जी आडवी पट्टी असते ती हवा अडवण्यासाठीच आहे. तिचा तुकडा मोडला असेल तर तो शोभेचा प्रश्न समजू नये.

हवेशी गोंधळ होतो तो पोकळ्यांचा, म्हणजे कॅव्हिटेशनचा. पात्याच्या पुढच्या, बोटीकडे तोंड केलेल्या बाजूला दाब इतका उतरतो की पाणी तिथल्या तिथं उकळतं. ३० अंश तापमानाचं पाणी उकळायला दाब हवेच्या दाबाच्या चोविसाव्या हिश्शापर्यंत खाली यावा लागतो, आणि जोरात फिरणाऱ्या अरुंद पात्यावर तो येतो. वाफेचे बुडबुडे पुढं जास्त दाबात जाऊन फुटतात आणि फुटताना धातू कुरतडतात. इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्सनं वाफेचं टर्बाइन शोधलं आणि १८९४ साली ‘टर्बिनिया’ नावाची सुमारे ३२ मीटर लांबीची बोट त्यावर बांधली. इंजिन अफाट, आणि बोट २० नॉटही गाठेना. टर्बाइन इतकं वेगानं फिरत होतं की पंखा वाफेच्या पोकळीतच फिरायचा. पार्सन्सनं गरम पाण्याच्या बंदिस्त पेटीत छोटा पंखा फिरवून, त्यावर लुकलुकता प्रकाश टाकून त्या पोकळ्या डोळ्यांनी पाहिल्या. मग एका शाफ्टऐवजी तीन शाफ्ट आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे लावले. जून १८९७ मध्ये स्पिटहेडला व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवी आरमारी संचलनात ‘टर्बिनिया’ आगंतुकासारखी घुसली, आणि तिला पकडायला गेलेल्या नौदलाच्या बोटी मागं राहिल्या. तिचा वेग ३४ नॉटांच्या घरात होता.

मच्छीमार बोटीवर इतकं नाट्य घडत नाही. पण व्यासानं लहान पंखा जबरदस्तीनं जास्त फेऱ्यांवर चालवला, किंवा पात्याच्या कडेला खड्डा पडला, की पोकळ्या व्हायला लागतात. बोट ओढून घेतल्यावर पात्याच्या बोटीकडच्या अंगाला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं दिसली, तर ती गंजाची समजू नयेत. त्याच बाजूला आणि सगळ्या पात्यांवर साधारण एकाच जागी असतील तर कॅव्हिटेशन नक्की. एकाच पात्यावर असतील तर ते पातं वाकलेलं असण्याचा संशय घ्यावा.

गंजाची खूण निराळी. स्वस्त पंखे बऱ्याचदा जस्त घातलेल्या पितळी मिश्रधातूचे असतात. खाऱ्या पाण्यात, पोलादी शाफ्टच्या शेजारी, त्यातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागं तांब्याचा पोकळ सांगाडा उरतो. पंखा घासल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला तर तो याच वाटेवर आहे. पातं हातोडीनं हलकं ठोकावं. चांगलं पातं खणखणतं, पोकळ झालेलं बद्द वाजतं. अशा वेळी शाफ्टवर बांधलेला जस्ताचा तुकडा शोधला तर तो झिजून संपलेला सापडतो, नाहीतर हौसेनं रंगवलेला. रंगवलेलं जस्त काहीच काम करत नाही.

सगळ्यात जास्त डिझेल खातं ते मात्र याहून साधं कारण. १ जून ते ३१ जुलै ही बंदी. ज्या होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या त्या कोरड्या राहतात. खाडीत नांगरून ठेवलेल्या बोटींच्या तळाला आणि पंख्याला तेवढ्यात शेवाळ, बार्नेकल, शिंपले चिकटतात. तळावर चढलेली घाण बोटीला जड करते, पण पंख्यावरची तेवढीच घाण क्षेत्रफळाच्या मानानं कितीतरी जास्त नुकसान करते. पातं गुळगुळीत असण्यावरच त्याचा रेटा अवलंबून आहे. त्यात पावसाळ्यानंतर मुंबईच्या बंदरात प्लास्टिकच्या पिशव्या आणि तुटक्या जाळ्यांचे तुकडे तरंगत असतात, ते शाफ्टला गुंडाळले जातात. बोट थरथरते, शाफ्टच्या बेअरिंगपाशी तापते. इंजिन चढवून हे सुटत नाही, अजून आवळतं. घाणीनं गेलेला वेग इंजिन चढवून भरून काढणंही महाग पडतं, कारण लागणारी शक्ती वेगाच्या साधारण तिसऱ्या घातानं वाढते. उलट बाजूनं, वेग एक दशांशानं कमी केला तर शक्ती चौथ्या हिश्शाहून जास्त वाचते. डिझेलवरच्या कराच्या परताव्यासाठी मच्छीमार सोसायटीत खेटे घालणाऱ्या माणसानं आधी पंखा खरवडून पाहावा.

एवढं सगळं करून आकडा जुळला नाही तर बुंध्यावर ठोकलेल्या २४ वरच शंका घ्यावी. लहान ओतकामात साच्यानुसार पिच चुकतो, पात्यापात्यात फरक पडतो, आणि दुरुस्तीत पातं तापवून सरळ करताना तो आणखी बदलतो. तपासायला कारखाना लागत नाही. पंखा सपाट फरशीवर बुंध्यावर पालथा ठेवायचा. केंद्रापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या साधारण सात दशांशावर प्रत्येक पात्यावर खूण करायची. त्या खुणेच्या वर्तुळावर पात्याची पुढची कड आणि मागची कड फरशीपासून किती उंच आहेत ते मोजायचं, आणि त्या दोन कडांमधला कोन केंद्रातून मोजायचा. उंचीतला फरक गुणिले ३६०, भागिले कोन, हा झाला पिच. फरक १० सेंटिमीटर आणि कोन ६० अंश असेल तर पिच ६० सेंटिमीटर, म्हणजे चोवीस इंचांना जेमतेम एक सेंटिमीटर कमी. तीन पात्यांवर ६०, ६० आणि ५५ आले तर बोट का थरथरते याचंही उत्तर मिळालं.

आणि पिच खरा निघाला, तरी तो या बोटीला योग्य असेलच असं नाही. पूर्ण ॲक्सिलरेटरवर, नेहमीचं वजन भरून, इंजिनानं कंपनीनं सांगितलेले फेरे गाठले पाहिजेत. कमी पडले तर पिच जास्त आहे, ओलांडले तर कमी. आऊटबोर्डमध्ये एक इंच पिच बदलला की इंजिनाचे फेरे साधारण दीडशे ते दोनशेंनी बदलतात, त्यामुळे तिथं हिशेब करून दुसरा पंखा मागवता येतो. ट्रॉलरचा प्रश्न वाकडा आहे. मासळीच्या जागेपर्यंत जाताना त्याला आठ नॉटचा पंखा हवा आणि जाळं ओढताना तीन नॉटचा. एकच पंखा दोन्ही कामं करतो, म्हणून दोन्ही अर्धवट करतो. लुडविग कॉर्ट या जर्मन अभियंत्याच्या नावानं ओळखलं जाणारं गोल कडं पंख्याभोवती बसवलं तर ओढताना रेटा वाढतो, पण रिकामं पळताना तेच कडं आडवं येतं. ते लावायचं की नाही हे वर्षातले किती तास जाळं ओढण्यात जातात आणि किती येण्याजाण्यात, यावर ठरवावं लागतं.